बारदान विकायला जळगाव-धुळ्यातल्या डाळ मिलची यादी विकत घ्यावी का?

घ्या, पण एकगठ्ठा पैसे देऊ नका. आधी 50 नावांचा नमुना मागा, तोही जीएसटी क्रमांकासकट, आणि स्वतः तपासा. मी जळगाव एमआयडीसीतल्या मिलना पॅकिंगचा माल देतो, म्हणून सांगतो. जीएसटी पोर्टलवर क्रमांक टाकला (आपल्या राज्याचा 27 ने सुरू होतो) की नोंदणी चालू आहे की रद्द झाली, पत्ता कुठला, रिटर्न भरलंय का, हे फुकटात दिसतं. मग भाव काढायचा तो खऱ्या नावामागे. नावाला 2 रुपये घेणाऱ्याची शंभरातली 40च खरी निघाली, तर एक नाव पडलं 5 रुपयांना. 4 रुपयेवाल्याची 90 खरी असतील तर साडेचारच्या आत पडतं. फोन करण्यात जाणारे दिवस वेगळेच! माझ्या पहिल्या यादीत अकरा मिलसमोर एकच मोबाइल होता, तो निघाला कर सल्लागाराचा. मात्र पोर्टलवर फोन नंबर मिळत नाही, आणि कंपनी मंत्रालयाच्या साइटवर साध्या भागीदारीतल्या मिल सापडत नाहीत. त्यामुळे मालकाचा चालू नंबर असेल तरच त्या यादीला पैसे मोजा.