केप्रोब लागत नाहीये? मेल करायच्या आधी हे वाचा

लिनक्स कर्नलवर काम करणाऱ्यांचे मेल येतात त्यातले निम्मे एकाच गोष्टीवर असतात, केप्रोब अमुक फंक्शनला लागत नाही, का लागत नाही, आणि लागू नये म्हणून आम्ही काय करायचं. प्रत्येकाला वेगळं उत्तर लिहायचा कंटाळा आलाय म्हणून एकदाच सगळं इथे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, केप्रोब म्हणजे चालू कर्नलमध्ये रीबूट न करता हव्या त्या इन्स्ट्रक्शनवर ब्रेकपॉइंट टाकून तिथे आपला छोटासा हँडलर चालवायची सोय. कर्नल २.६.९ पासून, म्हणजे २००४ पासून मेनलाइनमध्ये (अधिकृत मूळ कर्नलमध्ये) आहे, त्यामुळे 'नवीन फीचर आहे, स्टेबल नसेल' हे कारण कृपया देऊ नका.

प्रश्न: सॅम्पल कोड कॉपी केला, फक्त फंक्शनचं नाव बदललं, तर रजिस्टर करताना 'इनव्हॅलिड आर्ग्युमेंट' येतं. कर्नल करप्ट झालाय का?

नाही. तुम्ही टाकलेलं नाव बहुतेक ब्लॅकलिस्टमध्ये आहे, म्हणजे ज्यांवर केप्रोब लावायला बंदी आहे त्या फंक्शन्सच्या यादीत. डिबगएफएसमध्ये (कर्नलच्या डिबगिंगसाठीच्या फाइलसिस्टिममध्ये) केप्रोब्स नावाचं फोल्डर असतं, त्यात ब्लॅकलिस्ट नावाची फाइल आहे, रूट होऊन ग्रेप मारा. तिथे नाव सापडलं नाही तर सिम्बॉलचं (म्हणजे फंक्शनचं) नाव आणि पत्ता दोन्ही भरून ठेवलेत का ते बघा, त्यालाही हाच एरर येतो.

प्रश्न: एका व्हिडिओत डू-फोर्कवर, म्हणजे नवी प्रोसेस बनवणाऱ्या कर्नलच्या फंक्शनवर, प्रोब लावून दाखवलाय. माझ्याकडे सिम्बॉलच सापडत नाही.

व्हिडिओची तारीख बघा. कर्नल ४.२ मध्ये त्या नावाच्या आधी अंडरस्कोर आला आणि ५.१० मध्ये नावच कर्नल-क्लोन झालं. सिस्टिम कॉलचंही तेच, ४.१७ पासून एक्स८६-६४ वर नावं बदललीत आणि पहिल्या आर्ग्युमेंटमध्ये आता फाइलनेम वगैरे नसतं, रजिस्टर्सच्या स्ट्रक्चरचा पॉइंटर असतो. जुना कोड चिकटवून 'कचरा व्हॅल्यू येतात' असं लिहिणारे बरेच जण इथेच अडकलेले असतात.

प्रश्न: आमचे सीनियर म्हणतात इंटरप्ट हँडलरमध्ये प्रोब लावायची परवानगीच नाही.

आहे. कर्नलच्या डॉक्युमेंटेशनमध्ये स्वच्छ लिहिलंय, सीनियरना ती फाइल फॉरवर्ड करा. तुमच्या प्रोबच्या हँडलरने मात्र झोपायचं नाही, सेमाफोरवर थांबायचं नाही. ते कळत नसेल तर हँडलर लिहायच्या आधी कोणालातरी दाखवा.

प्रश्न: प्रोब व्यवस्थित लागतो, एरर नाही, पण हिट्स फार कमी दिसतात.

कंपायलरने फंक्शन काही ठिकाणी इनलाइन केलं असणार, म्हणजे कॉल न करता त्याचा कोड तिथेच चिकटवला असणार. केप्रोब इनलाइन झालेल्या कॉपी शोधत बसत नाही, सिम्बॉलच्या पत्त्यावर जे आहे तेवढंच. तुम्ही इनलाइन लिहिलं नसलं तरी जीसीसी स्वतःहून करतो. डिसअसेंब्ली बघा. आणि रिटर्न प्रोब (फंक्शन संपून परतताना चालणारा) असेल तर मिस्ड काउंट पण बघा, एका वेळी किती इन्स्टन्स सांभाळायचे त्याला मर्यादा असते आणि ती कमी पडली की हिट्स गुपचूप गळतात.

प्रश्न: आमच्या ड्रायव्हरमध्ये काही फंक्शन्सवर केप्रोब लागू नये म्हणून नोकेप्रोब-सिम्बॉल मॅक्रो लावला. रिव्ह्यूअर म्हणतो कारण लिहा. मॅक्रोचं नावच पुरेसं बोलकं आहे ना, कॉमेंट कशाला?

नाही, पुरेसं नाही, आणि तुमचा रिव्ह्यूअर हुशार आहे, त्याला धरून ठेवा.

मुळात ही बंदी कशासाठी असते ते बघा. एक्स८६ वर प्रोब लावला की त्या इन्स्ट्रक्शनच्या पहिल्या बाइटच्या जागी ब्रेकपॉइंटचा बाइट बसतो. सीपीयू तिथे आला की ट्रॅप होतो, ट्रॅपचा हँडलर चालतो, तो केप्रोबकडे जातो, तुमचा कोड चालतो, मग मूळ इन्स्ट्रक्शन सिंगल स्टेप करून पुढे. आता याच वाटेवरच्या एखाद्या फंक्शनवर तुम्ही प्रोब लावलात तर ट्रॅप हाताळताना पुन्हा ट्रॅप, तो हाताळताना पुन्हा, शेवटी डबल फॉल्ट आणि मशीन गेलं. साधं रिकर्शन केप्रोब ओळखतो, हँडलर न चालवता मिस्ड म्हणून मोजतो आणि पुढे जातो, पण ते ओळखणारा कोड चालायच्या आधीच ट्रॅप झाला तर कोण ओळखणार? म्हणून बंदी. म्हणजे बंदीचं कारण फंक्शनच्या नावात नसतं, ते कुठून कॉल होतं त्यात असतं, आणि कॉल करणारे दर रिलीजला बदलतात.

पूर्वी यासाठी केप्रोब्स नावाचं अॅनोटेशन होतं, त्याने फंक्शन वेगळ्या सेक्शनमध्ये जायचं. लोकांनी ते कुठेही लावलं. २०१४ मध्ये केप्रोबचे मेंटेनर मासामी हिरामात्सु यांनी कर्नल ३.१६ साठी हा नवा मॅक्रो आणला आणि त्याच कामात केप्रोबच्या स्वतःच्या कित्येक फंक्शन्सवरची बंदी उठवली, कारण रजिस्ट्रेशन, तयारी, ऑप्टिमायझेशन यातलं काही ब्रेकपॉइंट किंवा फॉल्टच्या वाटेवर येतच नाही. बघा, बंदी उठवायलाही आधी 'ही का होती' हे कळावं लागतं. ते लिहिलेलं नसेल तर पुढचा माणूस घाबरून हात लावत नाही, किंवा न घाबरता काढून टाकतो. दोन्ही वाईट. ब्लॅकलिस्टच्या फाइलमध्ये पत्ता आणि नाव दिसतं, कारण दिसत नाही, त्यामुळे ते सोर्समध्ये फंक्शनच्या शेजारी आणि कमिट मेसेजमध्ये नसेल तर कुठेच नाही.

काय लिहायचं? हे फंक्शन कुठल्या वाटेवर आहे, म्हणजे ब्रेकपॉइंट, डिबग ट्रॅप, पेज फॉल्ट की एनएमआय (अडवता न येणारा इंटरप्ट). प्रोब लावल्यावर नक्की काय झालं, हँग की रीबूट. कुठल्या आर्किटेक्चरवर बघितलं. आणि खालून कॉल होणारी फंक्शन्स पण मार्क केलीत का, कारण वरच्यावर मॅक्रो लावला म्हणून खालचं आपोआप झाकलं जात नाही, प्रत्येकाला वेगळा लावावा लागतो. तुमचं फंक्शन एखाद्या मार्क नसलेल्या कॉलरमध्ये इनलाइन झालं तर तिथली कॉपी उघडीच राहते, हे पण लोक विसरतात. 'सेफ्टीसाठी' एवढंच लिहिलेली कॉमेंट म्हणजे कॉमेंट नव्हे.

आणि तुमचा ड्रायव्हर मॉड्यूल असेल आणि कर्नल ५.८ च्या आधीचा असेल तर हा मॅक्रो कंपाइल होतो पण ब्लॅकलिस्टमध्ये काही जात नाही, नाव सोनुबाई हाती कथलाचा वाळा. आता खरं सांगू का, साध्या ड्रायव्हरच्या फंक्शनला याची गरज नव्व्याण्णव टक्के नसतेच. सबसिस्टिमच्या मेंटेनरला विचारा, मग लावा.

प्रश्न: व्हेंडरने दिलेल्या मॉड्यूलमध्ये जवळजवळ सगळीच फंक्शन्स ब्लॅकलिस्टमध्ये दिसतात. ते म्हणतात 'स्थिरतेसाठी'.

कसली स्थिरता. तुम्ही आत बघू नये म्हणून केलंय. लेटन्सी कुठे जाते ते तुम्हाला मोजता आलं नाही की सपोर्ट काँट्रॅक्ट विकता येतं. त्यांच्याकडून प्रत्येक फंक्शनचं कारण लेखी मागा, देता येणार नाही. तोपर्यंत त्यांच्या मॉड्यूलला कॉल करणाऱ्या कर्नलच्या फंक्शन्सवर प्रोब लावून वेळ मोजा. काँट्रॅक्टमध्ये काय सही केलीय ते मात्र लीगलला विचारून घ्या.

प्रश्न: नोट्रेस आणि नोइन्स्ट्र एकच ना?

नाही. नोट्रेस हे एफट्रेससाठी (कर्नलच्या फंक्शन ट्रेसरसाठी) आहे, त्याने केप्रोब ब्लॅकलिस्टमध्ये काही जात नाही, ट्रेसएफएसमधून (ट्रेसिंगच्या फाइलसिस्टिममधून) प्रोब लावताना नकार येऊ शकतो ती वेगळी गोष्ट. नोइन्स्ट्र ५.८ मध्ये आलं, एंट्री कोडसाठी (कर्नलमध्ये शिरतानाच्या कोडसाठी), तो अख्खा सेक्शनच केप्रोबला बंद असतो आणि तिथून भलतीकडे कॉल गेला तर ऑब्जटूल (कर्नलचा कोड तपासणारं टूल) बिल्डच्या वेळीच ओरडतो. कुठलं लावायचं हे अंदाजाने ठरवू नका.

प्रश्न: एआरएम६४ बोर्डवर फंक्शनच्या सुरुवातीला प्रोब लागतो, मध्ये एका ठिकाणी लागत नाही. फंक्शन ब्लॅकलिस्टमध्ये नाही.

तिथे एक्सक्लुझिव्ह लोड-स्टोअरची जोडी असेल, म्हणजे मध्ये कोणी लुडबुड केली नाही तरच स्टोअर यशस्वी होतो अशा दोन इन्स्ट्रक्शन. मध्ये ट्रॅप झाला की एक्सक्लुझिव्ह मॉनिटर क्लिअर होतो, स्टोअर फेल होतो, लूप परत फिरतो, कायमचा. म्हणून कर्नल आधीच नाही म्हणतो. दोन इन्स्ट्रक्शन मागेपुढे सरकू नका, त्या जोडीच्या पूर्ण बाहेर लावा.

प्रश्न: रूट आहे, ब्लॅकलिस्टमध्ये नाव नाही, तरी परवानगी नाही म्हणतो.

लॉकडाउन बघा, म्हणजे रूटलाही कर्नलच्या आत हात घालू न देणारी सुरक्षा सोय, ५.४ पासून आहे. कॉन्फिडेन्शियॅलिटी मोडमध्ये केप्रोब बंद असतात. ऑफिसचं मशीन असेल तर स्वतः बूट पॅरामीटर बदलत बसू नका, सिक्युरिटी टीमशी बोला.

प्रश्न: प्रॉडक्शनवर बरेच प्रोब लावलेत, अधूनमधून सर्व्हर हँग होतो. पुढच्या क्वार्टरला कर्नल अपग्रेड आहेच, तोपर्यंत थांबावं म्हणतो.

का थांबता? डिबगएफएसच्या त्याच केप्रोब्स फोल्डरमध्ये एनेबल्ड नावाची फाइल आहे, तिच्यात शून्य लिहिलं की सगळे प्रोब एकदम निष्क्रिय होतात. ते आज करा. मग तोच कर्नल, तीच कॉन्फिग व्हीएममध्ये उभी करून एकेक प्रोब लावत जा. ज्याने हँग होतो ते फंक्शन ब्लॅकलिस्टमध्ये असायला हवं होतं आणि नाहीये, असं निघालं तर तो कर्नलचा बग आहे, व्हर्जन, कॉन्फिग आणि फंक्शनचं नाव घेऊन डिस्ट्रोच्या सपोर्टकडे किंवा केप्रोबच्या मेंटेनरकडे जा. अपग्रेडनंतर बग तिथेच असेल, फक्त तुमचे लॉग रोटेट होऊन गेलेले असतील.