आजी खरंच खदानीत उतरत होती का?

प्रश्न : ताई, मी कांजूरमार्गला राहते. आमचं मूळ घर चंद्रपूर जिल्ह्यात, घुग्घुसच्या अलीकडच्या एका खेड्यात. आजोबा कॉलरीत, म्हणजे कोळशाच्या खाणीत, लोडर होते, टबात (रुळांवरून ढकलायच्या छोट्या डब्यात) कोळसा भरायचे. बाबा खदानीत गेले नाहीत. १९७० मध्ये ते मुंबईत आले आणि भांडुपला कारखान्यात लागले. गावचं घर मातीचं, कवेलूचं, म्हणजे कौलारू. पुढे छपरी, मागे बाडी (परसू), आणि माजघराच्या छताला लाकडाऐवजी दोन लोखंडी रूळ. आजोबा गेले, आजीही नव्वदी ओलांडून गेली. येत्या उन्हाळ्यात काका घर पाडून स्लॅबचं बांधणार आहेत. त्याला माझी हरकत नाही, छत गळतं. पण त्याआधी त्या घरात आमची माणसं कशी जगली ते मला लिहून काढायचं आहे. हाताशी आजोबांचं पीएफचं एक पत्र आणि घरपट्टीच्या चार पावत्या, एवढंच आहे. मोठी आत्या दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटच्या वर्षी जन्मलेली. ती म्हणते, आई दिवा घेऊन खाली जायची. काका म्हणतात, शक्यच नाही, बायकांना कायद्यानं बंदी होती. खरं कोणाचं? आणि सुरुवात कुठून करू?
— एक वाचक, कांजूरमार्ग

उत्तर : आधी आजीचं बघू. तुमच्या पत्राचा जीव तिथेच आहे.

काका सांगतात तो कायदा खरा आहे. जमिनीखाली बायकांना कामाला लावणं १९२९ पासून टप्प्याटप्प्यानं बंद केलं गेलं. पण दुसऱ्या महायुद्धात कोळसा कमी पडू लागला, खाणीतले मजूर लष्करी बांधकामांकडे वळले, आणि १९४३ मध्ये सरकारनं ती बंदी उठवली. सुरुवात मध्य प्रांतापासून झाली, आणि तुमचा जिल्हा, तेव्हाचा चांदा, मध्य प्रांतातच होता. १९४६ च्या फेब्रुवारीत बंदी पुन्हा लागू झाली. मधली जेमतेम अडीच वर्षं बायका कायद्यानं खाली उतरत होत्या. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात तेव्हा कामगार खातं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होतं. दिल्लीच्या सभागृहात या निर्णयावर कडक टीका झाली, तेव्हा ही सूट युद्धापुरतीच आहे असं त्यांनी सांगितलं, आणि खाली उतरणाऱ्या बाईला पुरुषाइतकीच मजुरी मिळेल हेही ठासून सांगितलं.

आता आत्याचं जन्मवर्ष आणि ही अडीच वर्षं शेजारी ठेवून पाहा. आजी तेव्हा विशीच्या आसपास असणार. म्हणजे आत्या सांगते ते घडलेलं असू शकतं. पण ते आत्यानं पाहिलेलं नाही, आईकडून ऐकलेलं आहे. म्हणून तिला ‘आजी खाली जायची का’ असं विचारू नका. ती हो म्हणेल आणि गोष्ट तिथेच संपेल. आई दिवा कुठे धरायची, हातात की डोक्याला? पायी उताराने जायची का? डोक्यावर टोपली असायची का? तान्ह्या पोरीला कोणाकडे ठेवायची? असं विचारा. बंदीनंतरही बायका खाणीवर होत्याच, पण वर, उजेडात. कोळशातून दगड वेचायच्या, टोपल्या वाहायच्या. १९५२ च्या खाण कायद्यानं तर त्यांना संध्याकाळी सातनंतर वरसुद्धा काम देता येत नव्हतं. टोपलीची आठवण त्या कामातलीही असू शकते. दिव्याची आठवण मात्र सहसा खालची.

आता घर. बहुतेक वाचक कागदापासून सुरुवात करतात. मी तीस वर्षं दप्तरखान्यात काढली, कागदावर माझा जीव आहे. तरी तुम्हाला सांगते, आधी घर वाचा. कागद पुढच्या वर्षीही तिथेच असतील, भिंती नसतील.

मोजपट्टी घेऊन जा, कच्चा नकाशा काढा. मग आत्याला हाताला धरून एकेका खोलीतून न्या आणि विचारा : रात्रपाळीचा माणूस दिवसा कुठे झोपायचा? माझे वडील गिरणीत होते. लोअर परळच्या आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत ते सकाळी येऊन झोपले की आई आम्हा चौघांना गॅलरीत काढायची आणि स्टोव्हसुद्धा बाहेर पेटवायची. ते घर कसं चालायचं हे मला त्या एका गोष्टीतून सगळं सांगता येतं. तुमच्याकडेही त्या छपरीत, माजघरात अशी काहीतरी व्यवस्था असणारच. काळे कपडे कुठे उतरवायचे, अंघोळीचं पाणी कोण तापवायचं, सिगडीचा धूर कुठून जायचा, हेही विचारा. स्वयंपाकघराच्या भिंतीचा पोपडा हलकेच काढून थरांचा फोटो घ्या. काजळी, चुना, निळीचा हात, मग ऑइलपेंट, असे थर दिसतील आणि आत्याला त्यातला एखादा कोणाच्या लग्नातला आहे ते आठवेल.

ते दोन रूळ मला फार महत्त्वाचे वाटतात. कोळशाचे टब ज्यावरून ढकलतात ते रूळ हलके, बुटके असतात. तुमचे तसेच आहेत का ते मापून बघा. रुळाच्या उभ्या बाजूवर पुष्कळदा उठावाची अक्षरं असतात : कारखान्याचं नाव, वजन, कधी साल. तारेच्या ब्रशनं गंज काढा आणि तिरपा उजेड टाकून फोटो घ्या. साल मिळालं तर ते रुळाचं समजा, घराचं नव्हे. जुना रूळ वीस वर्षं झिजल्यावरही छतावर चढतो. पण त्या सालाआधी ते छत नव्हतं एवढं नक्की होतं.

छताची दुरुस्ती, नवी खोली, विजेचा मीटर, यांची वर्षं काढताना एक खूणगाठ बांधा. ३१ जानेवारी १९७३ ला सरकारनं खाजगी कोळसा खाणींचा कारभार हाती घेतला, १ मेपासून त्या राष्ट्रीयीकृत झाल्या आणि १ जानेवारी १९७५ पासून पहिला राष्ट्रीय वेतन करार लागू झाला. टबामागे मजुरी घेणाऱ्या लोडरच्या घरात तेव्हा पैसा दिसू लागला. घरातली सिमेंटच्या पत्र्याची खोली किंवा फरशी नेमकी कधीची, हे या तारखांच्या शेजारी ठेवून बघा. बाबा १९७० मध्ये निघाले, म्हणजे या वाढीच्या आधी. ते का निघाले असतील, यावर काकांशी शांतपणे बोला.

आता कागद. मुंबईत, फोर्टच्या दप्तरखान्यात तुम्हाला फारसं मिळणार नाही. विदर्भ १९५६ मध्ये मुंबई राज्यात आला, त्याआधीची दप्तरं नागपूरला शोधायची. ग्रामपंचायतीत नमुना ८ ची, म्हणजे घरपट्टी आकारणीची, जुनी रजिस्टरं मागा. घरपट्टीच्या पावतीवरचा घर क्रमांक तिथे चालेल. क्रमांक मध्येच बदललेला असू शकतो, म्हणून शेजारच्या दोन घरांची नावंही लिहून न्या. गावठाणाची मोजणी झाली असेल तर आखीव पत्रिका (घराच्या जागेचं प्रॉपर्टी कार्ड) निघेल. त्याहून मागे जाताना लक्षात ठेवा, ३१ मार्च १९५१ ला मालगुजारी संपेपर्यंत गावातली घराची जागा मालगुजाराच्या, म्हणजे सरकारला सारा भरणाऱ्या गावमालकाच्या, परवानगीची होती. त्यामुळे त्याआधी आजोबांच्या नावाचा कागद नसला तर घाबरू नका. १९५४-५५ चा अधिकार अभिलेख, म्हणजे जमिनीच्या हक्कांची नोंद, तहसीलमधून काढा. बाडीचा खसरा (भूमापन क्रमांक) वेगळा असेल तर आजोबांचं नाव तिथे पहिल्यांदा भेटू शकतं.

मला सगळ्यात आवडणारा कागद म्हणजे कोतवाल बुक, गावचं जन्ममृत्यूचं पुस्तक. आत्या, बाबा, काका, लहानपणीच गेलेलं एखादं भावंड, प्रत्येकाची नोंद कुठल्या गावच्या पुस्तकात आहे ते बघा. आत्याची कॉलरीच्या धौड्याजवळच्या (मजुरांच्या वस्तीजवळच्या) गावात आणि बाबांची तुमच्या गावात निघाली, तर कुटुंब या घरात कधी आलं ते दोन-तीन वर्षांच्या फरकानं कळेल. शाळेच्या दाखलखारीज रजिस्टरात पालकाचा धंदाही लिहिलेला असतो.

पीएफच्या पत्रावरचा खाते क्रमांक जपून ठेवा. कोळसा खाणींचा फंड वेगळा आहे, १९४८ च्या कायद्याचा. त्याचं विभागीय कार्यालय नागपुरात आहे. आणि कॉलरीत बी फॉर्म रजिस्टर मागा. १९५५ च्या खाण नियमांप्रमाणे त्यात कामगाराचं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, कायमचा पत्ता, काम आणि रुजू झाल्याची तारीख असते. गिरणी कामगारांच्या घरांसाठी अर्ज करताना आम्ही वडिलांचा गिरणीतला तिकीट नंबर (कामगार क्रमांक) शोधत फिरलो, तसंच हे समजा : नात असल्याचा पुरावा आणि आजोबांचा मृत्यूचा दाखला सोबत न्या, तोंडी नकार मिळाला तर माहिती अधिकारात लेखी अर्ज द्या. राष्ट्रीयीकरणाआधीच्या खाजगी कंपनीच्या काळातली रजिस्टरं सगळीकडे शिल्लक नसतात, तरी विचाराच.

त्या रजिस्टरात फक्त आजोबांचं नाव शोधून परत फिरू नका. ‘नवऱ्याचं नाव’ या रकान्यात आजोबांचं नाव कुठे लिहिलंय का, ते पानोपानी बघा. ते सापडलं तर त्या ओळीत आजीचं नाव असेल, आणि पुढे तिचं काम लिहिलेलं असेल. काय लिहिलंय ते मला नक्की कळवा.