शेजारच्या देशाचा धूर ओळखायचा कसा?

प्रश्न : चिमणीचा धूर आसपासच्या गावांवर पसरतो हे कळतं. पण शेकडो किलोमीटरवरच्या दुसऱ्या देशाला त्याची झळ कशी लागते?

उत्तर : धुरातलं सगळंच लांब जात नाही. जाड राख काही तासांत खाली बसते. सल्फर डायऑक्साइड हा गंधकाचा वायू हवेत एक-दोन दिवस टिकतो, पण तेवढ्यात त्याचा बराच भाग सल्फेटच्या बारीक कणांत बदलतो आणि पावसाने धुऊन काढले नाहीत, तर हे कण आठवडाभरही तरंगतात. आता हिशेब करा. सेकंदाला ५ मीटर हा काही मोठा वारा नव्हे, तरी त्या वेगाने दिवसाला ४३२ किलोमीटर होतात. पाच दिवसांत दोन हजारांच्या वर.

त्यात उंच चिमण्यांची भर पडली. जवळच्या वस्तीचा त्रास कमी व्हावा म्हणून त्या उंच केल्या गेल्या. कॅनडात सडबरी इथे १९७२ मध्ये सुरू झालेली चिमणी तर ३८१ मीटरची. जवळची हवा सुधारली, पण नुसत्या उंचीने गंधक एका किलोनेही घटत नाही, ते फक्त पुढे जाऊन पडतं. ब्रिटन आणि मध्य युरोपचं गंधक असंच आम्ल होऊन नॉर्वे-स्वीडनच्या तळ्यांत उतरलं. तिथे बराचसा खडक ग्रॅनाइटचा, त्यात आम्ल मारायला चुना जवळजवळ नाहीच. आम्लाने मातीतलं ॲल्युमिनियम सुटतं, पाण्यात येतं आणि माशांच्या कल्ल्यांवर साचतं. मासा पाण्यातच गुदमरतो. हिवाळाभर बर्फात साठलेलं आम्ल बर्फ वितळताना एकदम तळ्यात येतं, म्हणून वसंत ऋतूचे ते दिवस सर्वांत घातक.

प्रश्न : आपल्याकडची धुरकट हवा आपलीच की सीमेपलीकडून आलेली, हे सामान्य माणसाला तपासता येतं का?

उत्तर : बऱ्यापैकी येतं. आधी जवळची मापन केंद्रं पाहा. तीस-चाळीस किलोमीटर अंतरावरच्या सगळ्या केंद्रांवर बारीक कण एकाच सुमारास चढले, तर माल बाहेरचा असण्याची शक्यता जास्त. एकाच केंद्रावर, वारा पडलेला असताना, सकाळ-संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी गाड्यांच्या धुरातल्या नायट्रोजन डायऑक्साइडसोबत आकडा चढत असेल, तर शेजाऱ्याला बोल लावू नका.

मग हवेचा माग उलटा काढायचा. अमेरिकेच्या ‘नोआ’ या हवामान-सागर संस्थेचं ‘हायस्प्लिट’ हे हवेची वाट रेषेने दाखवणारं साधन संकेतस्थळावर मोफत वापरता येतं. आपले अक्षांश-रेखांश द्या, दिशा ‘मागे’ निवडा, कालावधी ७२ तास ठेवा आणि ५००, १,००० व १,५०० मीटर अशा तीन उंचींवर रेषा काढा. वेळ जागतिक प्रमाणवेळेत द्यायची असते. स्थानिक वेळ तशीच टाकली की रेषा भलत्याच वेळच्या वाऱ्यावर जाते. ही चूक फार होते. तिन्ही रेषा एकाच बाजूने आल्या तर निष्कर्षाला वजन येतं. त्या फाकल्या तर सहा-सहा तासांच्या फरकाने पुन्हा काढा. शेवटी नासाच्या ‘फर्म्स’ नकाशावर त्या वाटेवर, त्याच तारखांना आगी दिसतात का ते बघा.

फसगत इथेच होते. रेषा आगीवरून गेली एवढ्याने धूर आला असं ठरत नाही. त्या ठिकाणी ती ३,००० मीटरवर असेल आणि धूर १,२०० मीटरखालीच कोंडलेला असेल, तर दोघांची भेटच झाली नाही. वाटेत जोराचा पाऊस झाला असेल तरी कण निम्म्या वाटेतच खाली उतरलेले असतात. शिवाय रेषेत कापलेल्या अंतराच्या १५ ते ३० टक्के चूक धरावी लागते. हजार किलोमीटरमागे दीडशे ते तीनशे. सीमेलगतचा कारखाना नेमका कोणत्या बाजूचा, हे त्यावरून सांगणं म्हणजे अंधारात तीर. तिथे हवा ओढून गाळणीवर जमवलेल्या कणांची रासायनिक तपासणीच हवी. लाकूड आणि पिकांचे अवशेष जळाले की लेव्होग्लुकोसान हे रसायन सापडतं, जहाजांचं जड तेल जळालं की व्हॅनेडियम आणि निकेल.

प्रश्न : नदीत विष सांडलं तर खालच्या देशाला सावध व्हायला वेळ मिळतो का?

उत्तर : वेळ मिळतो, निरोप वेळेवर आला तर. सेकंदाला १ मीटर वेगाची नदी दिवसाला सुमारे ८६ किलोमीटर कापते. १ नोव्हेंबर १९८६ रोजी स्वित्झर्लंडमध्ये बासेलजवळ रसायनांच्या गोदामाला आग लागली. विझवायला मारलेलं पाणीच कीटकनाशकं घेऊन ऱ्हाइनमध्ये उतरलं आणि खाली ईल मासे मोठ्या संख्येने मेले. म्हणून अशा गोदामाभोवती आगीचं पाणी अडवणारा हौद लागतो.

खालच्या पाणीपुरवठ्याने विषाची आघाडी पोचण्याआधीच उपसा बंद करायचा. विष जसजसं खाली येतं तसतसा त्याचा पट्टा लांबत जातो. सर्वांत मोठा आकडा येऊन गेला की पंप सुरू करण्याची घाई होते, पण मागे रेंगाळणारी शेपटी पुष्कळदा तासन्‌तास चालते. पारा तर गाळात बसतो आणि पुढच्या पुरात पुन्हा उठतो.

प्रश्न : मग भरपाई कोण देतं?

उत्तर : देशाने देशाला दिल्याची उदाहरणं थोडी. सर्वांत गाजलेलं कॅनडातल्या ट्रेल इथल्या जस्त-शिशाच्या कारखान्याचं. त्याच्या धुराने सीमेपलीकडे अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातली पिकं आणि झाडं करपली. दोन्ही देशांनी लवाद मान्य केला, म्हणून निकाल लागू शकला. १९४१ च्या निवाड्याने दुसऱ्या देशाचं नुकसान होईल असा आपल्या भूमीचा वापर होऊ देण्याचा हक्क नाकारला, पण नुकसान गंभीर आणि पुरावा स्पष्ट असावा ही अट ठेवली. अनेक देशांचा धूर एकत्र मिसळलेला असतो तिथे हीच अट आडवी येते. त्यामुळे युरोपने भरपाईचा नाद सोडून कपात वाटून घेतली : १९८५ च्या हेलसिंकी करारात सह्या करणाऱ्यांनी १९९३ पर्यंत गंधकाचं उत्सर्जन १९८० च्या तुलनेत ३० टक्के कमी करायचं ठरवलं. सिंगापूरने २०१४ च्या कायद्यात देशांना बाजूला ठेवून कंपन्यांना पकडलं. परदेशात आग लावून सिंगापुरात धुरकं आणणाऱ्या कंपनीला दिवसाला १ लाख सिंगापूर डॉलरपर्यंत आणि एकूण २० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

ट्रेलच्या निवाड्यातला एक भाग मात्र आम्हाला भरपाईच्या रकमेहून मोलाचा वाटतो. कारखान्याने वारा आणि हवेतली घुसळण मोजायची, आणि त्यावरून, पिकांचा हंगाम आहे की नाही हे पाहून, ताशी किती गंधक सोडायचं ते ठरवायचं, असं लवादाने लिहून दिलं होतं.