कंट्रोलर गेला, मशीन ठणठणीत

प्रश्न : शिरोली एमआयडीसीत आमचं छोटं मशीन शॉप आहे. जुन्या व्हीएमसीचा (उभ्या स्पिंडलच्या सीएनसी मिलिंग मशीनचा) कंट्रोलर गेला, कार्ड कुठेच मिळत नाही. बेड, स्पिंडल, सर्व्हो मोटर सगळं चांगलं आहे. मुलगा लिनक्ससीएनसी, म्हणजे पीसीवरून मशीन चालवणारं खुलं सॉफ्टवेअर, बसवू म्हणतो. फुकटच्या सॉफ्टवेअरवर एवढी मशीन सोडावी का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : मुलाचं ऐका, फक्त घाई करू नका. या सॉफ्टवेअरचं मूळ अमेरिकेतल्या एनआयएसटी या सरकारी संस्थेत आहे. १९९०च्या दशकात तिथे खुल्या कंट्रोलरवर काम झालं. कोड सगळ्यांना खुला असल्यामुळे एका कंपनीनं कार्ड बंद केलं म्हणून मशीन भंगारात जात नाही. माझ्या लेखी हाच मोठा फायदा.

आधी साध्या पीसीवर टाका. सोबत सिम्युलेशनची कॉन्फिगरेशन येतात, त्यामुळे मशीन न जोडताच रोजचे प्रोग्रॅम चालवता येतात. फॅनक कंपनीच्या कंट्रोलरच्या धर्तीवरचे मॅक्रो (अटी आणि आवर्तनं असलेले प्रोग्रॅम) असतील तर ते इथेच अडतील, कारण आयएफ-व्हाइल लिहायची पद्धत वेगळी आहे. टूलपाथ (टूलचा मार्ग) बरोबर दिसला तरी वाइस आणि क्लॅम्प सिम्युलेशनला ठाऊक नसतात. पहिला जॉब झेड ॲक्सिस उंच ठेवून, हवेतच काढा.

मशीनला जो पीसी लावणार, त्यावरच लेटन्सी टेस्ट (पीसी वेळेवर काम करायला किती उशीर लावतो, याची चाचणी) घ्या, आणि तीही व्हिडिओ, फाइल कॉपी असं सगळं चालू ठेवून. सर्व्हो लूप (मोटरची जागा तपासून आज्ञा सुधारण्याचा फेरा) साधारण दर मिलिसेकंदाला फिरतो. पीसी मध्येच अडखळत असेल तर तो बदला.

मग हालस्कोप, म्हणजे लिनक्ससीएनसीमधलं सिग्नलचे आलेख दाखवणारं साधन, उघडा. एक्स ॲक्सिस मागेपुढे फिरवत फॉलोइंग एररचा (सांगितलेली जागा आणि प्रत्यक्ष जागा यांतल्या फरकाचा) आलेख पाहा. दिशा बदलताना दर वेळी टोक वर येत असेल, तर स्लाइडचं घर्षण किंवा ट्यूनिंग तपासा. बंद कंट्रोलर नुसता अलार्म देऊन थांबायचा. इथे कारण डोळ्यांना दिसतं. मात्र एन्कोडर (जागा मोजणारा सेन्सर) मोटरवर असेल तर बॉलस्क्रूचा बॅकलॅश (दिशा बदलतानाची ढिलाई) या आलेखात येणार नाही. त्यासाठी डायल गेजच लावा.

इमर्जन्सी स्टॉप सॉफ्टवेअरच्या भरवशावर कधीही ठेवू नका. बटणानं रिलेमार्फत ड्राइव्हची (मोटरला वीज पुरवणाऱ्या युनिटची) पॉवर थेट तुटली पाहिजे; पीसीला फक्त तशी खबर जावी.

शेडमधल्या बाकीच्या मशीनवर नुसती देखरेख हवी असेल, तर त्यांचे कंट्रोलर बदलू नका. एमटीकनेक्टसारखं मानक त्यासाठीच आहे; ते माहिती वाचतं, मशीनला आज्ञा देत नाही.

तुमचे ड्राइव्ह उणे-अधिक १० व्होल्टचा ॲनालॉग सिग्नल घेतात का, ते पॅनल उघडून पाहा आणि कळवा. पीसी आणि ड्राइव्ह जोडणारं इंटरफेस कार्ड कोणतं घ्यायचं, ते त्यावर ठरेल.