"माझं एवढंच शे का, ताई?"

"ताई, सिबिल खराब झालं, आता काही होणार नाही." जळगावात समुपदेशन करताना हे वाक्य हल्ली इतक्यांदा कानावर येतं की एकदा सविस्तर लिहावंसं वाटलं. सिबिल म्हणजे आपण कर्ज कसं फेडलं याच्या नोंदींचा रिपोर्ट आणि त्यावरून काढलेला आकडा.

अमळनेरकडचा एक तरुण आला होता. मोटार रिवाइंडिंगचं दुकान, थोडी शेती. घरासाठीचं कर्ज नाकारलं गेलं आणि त्याची झोप उडाली. वडिलांना सांगितलं नव्हतं. "आमच्या घरानं कोणाचा रुपया बुडवला नाही. मी चोर शे का?"

"रिपोर्ट वाचला का?"

"आकडा पाहिला."

"आणि पुढची पानं?"

तो गप्प.

माझा अनुभव आहे, माणूस आकड्याला घाबरत नाही. त्या आकड्यात तो स्वतःबद्दलचा निकाल वाचतो. म्हणून मी आधी धीर देत नाही, वाचायला लावते. तिसऱ्या भेटीत त्याच्या हातात पेन्सिल दिली. प्रत्येक नोंद मोठ्यानं वाचायची आणि पुढे लिहायचं: माझी, माझी नाही, की माझी पण चुकीची.

मोटारसायकलचं कर्ज पूर्ण फेडलेलं, एनओसी, म्हणजे कर्ज फिटल्याचा दाखला, घरात, तरी नोंद 'सेटल्ड'. म्हणजे पूर्ण रक्कम न भरता तडजोड करून मिटवलं, असा अर्थ. एक क्रेडिट कार्ड त्यानं कधी घेतलंच नव्हतं. मग ट्रॅक्टरचे दोन हप्ते उशिरा भरलेले. तिथे पेन्सिल थांबली. त्या वर्षी भाव येईल म्हणून कापूस घरातच ठेवला होता. "हे खरं शे," तो म्हणाला. बराच वेळ पानाकडे पाहत राहिला आणि हळूच विचारलं, "माझं एवढंच शे का, ताई?"

या प्रश्नासाठीच मी तीन भेटी थांबले होते.

पुढचं काम सरळ होतं. चुकीच्या नोंदीची तक्रार ब्युरोच्या, म्हणजे या नोंदी ठेवणाऱ्या कंपनीच्या, संकेतस्थळावर फुकट करता येते. पण ब्युरो स्वतःहून नोंद बदलत नाही, कर्ज देणाऱ्या संस्थेला विचारतो. म्हणून एनओसीची प्रत जोडून संस्थेलाही लेखी कळवावं. 30 दिवसांत निकाल लागला नाही तर एप्रिल 2024 पासून दिवसाला 100 रुपये भरपाईचा नियम आहे, आणि मग रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. देशात सिबिल धरून असे चार ब्युरो आहेत, प्रत्येकाकडून वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट मोफत मिळतो. चारही तपासा, एकीकडे दुरुस्त झालेली चूक दुसरीकडे राहू शकते. 'आठ दिवसांत सिबिल साफ' म्हणणाऱ्या एजंटाला एक रुपयाही देऊ नका. खरी नोंद कोणी पुसू शकत नाही. पुढचे हप्ते वेळेवर भरत गेलं की तिचं वजन कमी होत जातं.

महिन्याभरात त्याच्या दोन्ही चुकीच्या नोंदी दुरुस्त झाल्या. ट्रॅक्टरचे हप्ते तसेच आहेत. ते पान त्यानं वडिलांना दाखवलं. त्यांनी तारखा पाहिल्या आणि म्हणाले, "त्या साली कापूस घरात होता ना रे, मला का नाही सांगितलं?"