‘ग्रोस’: पगारातला आणि किळसेचा

प्रश्न असा आहे: पगाराच्या पावतीवर ‘ग्रॉस’ म्हणजे कपातीआधीची रक्कम, मग इंग्रजी मालिकांतली मुलं नाक मुरडून ‘दॅट्स सो ग्रॉस!’ म्हणतात, तो शब्द वेगळा का? त्याला मराठीत काय म्हणायचं?

शब्द एकच आहे. आपण सर्रास ‘ग्रॉस’ म्हणतो, पण इंग्रजी उच्चारात स्वच्छ ‘ओ’ आहे: ‘ग्रोस’. मूळ लॅटिन ‘ग्रॉसुस’, म्हणजे जाड, भरड. फ्रेंचमार्गे तो इंग्रजीत आला आणि त्याला फाटे फुटले. जाड ते मोठं, मोठं ते एकूण, काहीही वजा न केलेलं. पगारातला ग्रोस हा. 12 डझनांचा, म्हणजे 144 नगांचा ग्रोस हाही मुळात ‘मोठा डझन’च. घाऊक माल विकायचा तो ‘ग्रोसर’, तोही याच कुळातला. दुसरा फाटा ‘भरड’वरून गेला: असंस्कृत, ग्राम्य, अश्लील. शिवाय दोषाची तीव्रता दाखवायलाही शब्द वापरात होताच. ‘ग्रोस नेग्लिजन्स’ म्हणजे घोर निष्काळजीपणा. यातूनच 1950 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकी विद्यार्थ्यांच्या बोलीत ‘किळसवाणा’ हा अर्थ रुळला.

मराठीत या छटा वाटल्या गेल्या आहेत: ढोबळ नफा, स्थूल उत्पन्न, घोर चूक. किळसेसाठी ‘किळसवाणा’ आहेच, पण तो वर्णनात शोभतो. मोरीच्या जाळीत अडकलेला केसांचा बुळबुळीत गुंता हाताला लागला, तर ‘हे किळसवाणं आहे’ असं कोण म्हणतं? ‘शी! काय घाण आहे ही!’ हेच तोंडून निघतं. म्हणून संवादाचं भाषांतर करताना विशेषणाचा हट्ट सोडावा, असं माझं ठाम मत आहे. ‘शी’ किंवा ‘ई’ तिथे चपखल बसतात. अंगावर काटाच येत असेल तर ‘शिसारी आली’ म्हणावं. ‘ओंगळ’मध्ये गबाळेपणा जास्त, मळमळ कमी.

एक गफलत मात्र नेहमी होते. ‘आय फील ग्रोस’ म्हणजे ‘मला किळस येते’ नव्हे. घामाने, मळाने किंवा आजारपणाने स्वतःचंच अंग नकोसं वाटतंय, असा त्याचा अर्थ. किळस आली असेल तर ‘इट ग्रोस्ड मी आउट’. हे दोन्ही प्रयोग बोलण्यातले. अर्जात किंवा तक्रारीच्या पत्रात ‘डिस्गस्टिंग’ किंवा ‘रिव्होल्टिंग’ लिहावं.