आफ्रिकेच्या सीमा नव्याने आखल्या तर तिथली युद्धं थांबतील का?

युरोपीयांनी पट्टी ठेवून आखलेल्या सीमाच आफ्रिकेतल्या युद्धांच्या मुळाशी आहेत का आणि त्या बदलल्या तर ती थांबतील का, असं तुम्ही विचारलंय. मला तसं वाटत नाही. सीमा कशी आखली गेली यापेक्षा ती कुणीच हलवायची नाही असं ठरलं, त्याचा परिणाम जास्त खोल आहे.

आफ्रिकी एकता संघटनेने 1964 साली कैरोत ठराव केला की स्वातंत्र्याच्या वेळच्या सीमा सगळ्यांनी पाळायच्या. प्रदेश बळकावण्यासाठीची युद्धं त्यामुळे विरळ राहिली. 1979 मध्ये टांझानियाच्या फौजेने युगांडाची राजधानी कंपाला घेऊन तिथला हुकूमशहा इदी अमीनला हाकललं, पण युगांडाची जमीन ठेवून घेतली नाही. मात्र मुलूख जाण्याची भीती नसली की राजधानीतल्या सत्ताधाऱ्याला सरहद्दीपर्यंत रस्ता, पोलीस ठाणं, करवसुली नेण्याची निकडही उरत नाही.

काँगोची हीच शोकांतिका आहे. राजधानी किन्शासा पश्चिम टोकाला, गोमा शहर पूर्वेला रवांडाच्या हद्दीवर. मध्ये दीड हजार किलोमीटर आणि सलग धड रस्ता नाही. मोबुटू या हुकूमशहाने 1965 ते 1997 राज्य केलं, स्वतःचे अंगरक्षक सांभाळले आणि बाकी सैन्याला वाऱ्यावर सोडलं. 1977 आणि 1978 मध्ये अंगोलातून आलेले बंडखोर काँगोच्या दक्षिणेकडच्या शाबा प्रांतात घुसले, तेव्हा त्याला वाचवायला आधी मोरोक्कोचे आणि नंतर फ्रान्स-बेल्जियमचे सैनिक आले. सरहद्द परके राखून देत होते, मग आपलं सैन्य उभारायचं कशाला? 1991 मध्ये पगार थकलेल्या सैनिकांनीच किन्शासा लुटलं. रवांडातल्या 1994 च्या नरसंहारानंतर लाखो निर्वासित आणि त्यांच्यात मिसळलेले मारेकरी गोमाभोवती येऊन राहिले, तेव्हा त्या मारेकऱ्यांची शस्त्रं काढून घेईल असं सरकार तिथे नव्हतंच. 1996 मध्ये रवांडाने सैन्य घुसवलं. जानेवारी 2025 मध्ये रवांडाच्या पाठबळावर एम23 या बंडखोरांनी गोमा घेतलं. एवढं होऊनही नकाशावरची रेषा तसूभर हललेली नाही.

आता ती हलवायची म्हटलं तर न्यायची कुठे? गोमा आणि रवांडातलं गिसेन्यी ही एकमेकांना चिकटलेली शहरं आहेत. बायका डोक्यावर भाजीपाला घेऊन नाक्यावरून ये-जा करतात, अपंग व्यापारी हाताने चालवायच्या तीनचाकींवर पोती लादून नेतात. दोन्हीकडच्या भावांतला फरक हीच त्यांची कमाई. नाका बंद झाला की चूल बंद.

आणि नव्या सीमांचा अनुभवही चांगला नाही. इरिट्रिया 1993 मध्ये इथिओपियातून वेगळा झाला आणि 1998 मध्ये बादमे या छोट्याशा गावावरून इथिओपियाशी त्याचं भीषण युद्ध पेटलं. दक्षिण सुदान 2011 मध्ये स्वतंत्र झाला, डिसेंबर 2013 मध्ये तिथे यादवी सुरू झाली. म्हणून मला विचाराल तर नकाशाला हात लावण्याआधी पूर्व काँगोतल्या शिपायाला आणि शिक्षकाला दर महिन्याला पगार मिळाला पाहिजे, आणि तो किन्शासाच्या तिजोरीतून मिळाला पाहिजे.